पाटावरचं वल्हं

शनिवार पेठेतल्या पेंडसे क्रीडा भांडारात काहीही विकत घ्यायचं तर आधी पाटावर उभं राहावं लागे. ही पद्धत दिगंबर पेंडशांच्या वडिलांनी घालून दिलेली. बॅट मागायला आलेल्या पोराला ते काउंटरशेजारच्या शिसवी पाटावर उभं करत, हातात बॅट देत आणि म्हणत, "हं, खेळून दाखव." पोरगा हवेत चार फटके मारी. तेवढ्यावरून त्यांना कळे की याला किती वजनाची, किती उंचीची बॅट लागेल. मग तीच बॅट मिळे. दुसरी हवी असेल तर लक्ष्मी रोड मोकळा होता.

"पेंडशांकडून गेलेली वस्तू परत येत नाही," असं ते म्हणत, आणि ते खरं होतं. दिगंबररावांना वारशात दुकान मिळालं, पाट मिळाला आणि हे वाक्य मिळालं. तिन्हींतलं त्यांनी सगळ्यात जास्त जपलं ते वाक्य. छप्पर गळायचं, पाटाचा एक पाय हलायचा, पण वाक्याला त्यांनी कधी तडा जाऊ दिला नव्हता.

पुढे देशाची दारं उघडली आणि माल परदेशातून येऊ लागला. हिंजवडीला कंपन्या आल्या. तिथली पोरं आठवडाभर खुर्चीत बसून दमायची आणि शनिवार-रविवारी डोंगरात, पाण्यात, मिळेल तिथे जाऊन पदरमोड करून पुन्हा दमायची. त्यांतल्याच एकाने एकदा दुकानात विचारलं, "स्टँड-अप पॅडल ठेवता का?" दिगंबररावांना 'नाही' म्हणायला आवडत नसे, आणि 'म्हणजे काय' विचारायला तर मुळीच नाही. "पुढच्या महिन्यात या," असं सांगून त्यांनी त्याला वाटेला लावलं आणि अभ्यासाला बसले.

अभ्यास त्यांनी झटून केला. लांबरुंद बोर्डावर उभं राहायचं, उंच दांड्याच्या वल्ह्याने ते पाण्यावरून हाकायचं, आणि समुद्रावर गेलं की मागून येणारी लाट नेमकी पकडून तिच्यावर स्वार व्हायचं, असा तो खेळ. त्यात सगळी गोम वल्ह्याच्या पात्यात. थेंबाच्या आकाराचं पातं खाली रुंद असतं, ते पाणी एकदम धरतं आणि बोर्डाला हिसका देतं. पट्टीसारखं सरळ कडांचं अरुंद पातं पाणी थोडं धरतं, पण हात भराभर चालतात. पातं दांड्यापासून किंचित पुढे झुकलेलं का असतं, त्याच्या मधोमध कणा का असतो, हे सगळं दिगंबररावांना तोंडपाठ झालं. इंटरनेटवरचे व्हिडिओ पाहून पाहून त्यांनी त्यातल्या खेळाडूंच्या चुकाही काढायला सुरुवात केली. राहिली होती एकच गोष्ट. दिगंबरराव जन्मात कधी घोट्याच्या वर पाण्यात गेले नव्हते. त्यांना पाण्याची भीती वाटे, आणि हे फक्त त्यांच्या पत्नीला, सुनीतीबाईंना, ठाऊक होतं.

तरी धंदा छान चालला. हिंजवडीची मुलं येत, पाटावर उभी राहत, हवेत वल्हं मारून दाखवत आणि दिगंबरराव देतील ते वल्हं घेऊन जात. दिवाळीच्या सुमारास नम्रता वानखडे अशीच आली होती. मूळची यवतमाळची, एका सॉफ्टवेअर कंपनीत कामाला, चणीने लहानखुरी. दिगंबररावांनी तिला पाटावर उभं केलं, तीन वल्ही हातात देऊन पाहिली आणि थेंबाच्या आकाराचं सगळ्यात मोठं पातं तिला ठरवून टाकलं. "लाट आपल्यासाठी थांबत नसते," ते म्हणाले. "दोन हात मारले की पकडली पाहिजे. त्याला मोठंच पातं हवं." पाटावर ते वल्हं झकास फिरलं. नम्रता खूश होऊन गेली.

आणि आता जानेवारीत, एका गुरुवारी संध्याकाळी, तेच वल्हं जुन्या चादरीत गुंडाळून ती काउंटरसमोर उभी होती.

"काका, खांदा दुखून राहिला ना माझा," ती म्हणाली. "हे बदलून मिळेल का?"

दुकानात तीन गिऱ्हाइकं होती. त्यांनी कान टवकारले.

"खांद्याची तक्रार खांदा जिथून आणला तिथे करावी," दिगंबरराव चष्म्यावरून बघत म्हणाले. "वल्ह्यात काय दोष आहे?"

"दोष नाही जी. मले मोठं होते. पाण्यातून ओढताना जीव जाते."

"पाटावर उभ्या होतात तेव्हा मोठं नव्हतं?"

"पाटावर नव्हतं."

"मग मधल्या काळात वल्हं वाढलं, की आपण आटलात?"

गिऱ्हाइकं हसली. नम्रताही हसली, पण हलली नाही. येत्या आठवड्यात त्यांचा सगळा ग्रुप कोकणात समुद्रावर जाणार होता. मागच्या खेपेला तिला एकही लाट मिळाली नव्हती. ती वल्हं पाण्यात घाली, ते ओढता ओढता बोर्डाचं तोंड फिरे, आणि तेवढ्यात लाट खालून निघून जाई. "सगळे उभे उभे किनाऱ्यावर आले, काका. मी एकटी पोहत आली," ती म्हणाली. "आमच्या यवतमाळात समुद्र कोणी पाह्यला आहे? बाबा रोज फोनवर विचारतात, चढली का लाटेवर? ह्या वेळी मले चढायचंच आहे."

दिगंबररावांना मुलगी वाईट वाटली नाही. वल्हं बदलून देणं अवघडही नव्हतं. पण दिलं असतं तर तीन गिऱ्हाइकांदेखत वस्तू परत आली असती, आणि उद्या पेठेत झालं असतं की पेंडशांचंही चुकतं. वडिलांनी हयातभर जे होऊ दिलं नाही, ते आपल्या हातून एका वल्ह्यापायी व्हावं? त्यांनी मान हलवली. "वल्हं बरोबर आहे. आपली पद्धत चुकत असणार."

"मग तुम्हीच या ना रविवारी खडकवासल्याला," नम्रता म्हणाली. "धरणाच्या पाण्यावर आम्ही प्रॅक्टिस करतो. तिथे माझं काय चुकते ते दाखवा. तुम्ही म्हणाल वल्हं बरोबर आहे, तर मी हेच घेऊन समुद्रावर जाईन. पुन्हा येणार नाही तक्रार घेऊन."

मागच्या दारातून सुनीतीबाई चहा घेऊन येत होत्या. त्यांनी कप काउंटरवर ठेवला आणि प्रसन्न चेहऱ्याने म्हणाल्या, "येतील की. त्यांना फार आवडेल. अहो, जाल ना?"

तीन गिऱ्हाइकं, एक मुलगी आणि एक बायको, असे पाच जण उत्तराची वाट बघत होते. दिगंबररावांनी चहाचा घोट घेतला. "जाईन," ते म्हणाले.

रात्री जेवताना त्यांनी विषय काढायचं टाळलं, म्हणून सुनीतीबाईंनीच काढला. "पाण्यात पाय तरी घातलात का कधी? आणि वल्ही विकता."

"हिमालय न चढताही भूगोल शिकवता येतो," दिगंबरराव म्हणाले. "तू नाही का शिकवलास इतकी वर्षं?"

"शिकवला. पण मी मुलांना हिमालय विकत नव्हते," सुनीतीबाई म्हणाल्या आणि त्यांना आणखी एक पोळी वाढली.

रविवारी सकाळी दोघं स्वारगेटहून खडकवासल्याच्या बसमध्ये चढली. दिगंबररावांच्या अंगात स्वेटर, डोक्याला माकडटोपी आणि काखोटीला दोन वल्ही होती: एक थेंबाचंच पण मध्यम, आणि एक पट्टीसारखं, अरुंद आणि लहान. हे लहान वल्हं दुकानात बरेच दिवस पडून होतं. पाटावर ते कुणालाच आवडत नसे. 'अगदीच पोरखेळ वाटतो,' असं जो तो म्हणे. मोठ्या पात्याचा मोठेपणा शेजारी ठेवल्याशिवाय कळत नाही, म्हणून दिगंबररावांनी ते मुद्दाम बरोबर घेतलं होतं.

कंडक्टरने वल्ह्यांकडे पाहिलं. "काका, नाव कुठाय?"

"मागच्या बसने येतीये," दिगंबरराव म्हणाले. "दोन खडकवासला द्या."

पाण्याच्या काठावर नम्रता आणि तिच्या कंपनीतली पाच-सहा मुलं आधीच आली होती. तेजस नावाचा एक उंच मुलगा त्यांचा म्होरक्या होता. त्याने दिगंबररावांना नमस्कार केला आणि लगेच एक केशरी लाइफ जॅकेट पुढे केलं. "सर, हे घाला प्लीज. काठावर थांबलात तरी कम्पल्सरी आहे. आपला रूल आहे."

"मी पाण्यात उतरणार नाहीये."

"उतरणारे सगळे ठरवूनच उतरतात असं नाही सर," तेजस म्हणाला. हा मुलगा पुण्याचाच असणार, हे दिगंबररावांनी ओळखलं आणि मुकाट्याने स्वेटरवर जॅकेट चढवलं.

नम्रता मोठं वल्हं घेऊन बोर्डावर उभी राहिली. तिने पातं पाण्यात घातलं आणि ओढलं. पातं पाण्यात जाऊन जणू तिथेच बसलं. ते काढायला तिला अख्खं अंग मागे टाकावं लागलं, आणि तेवढ्यात बोर्डाने तोंड फिरवलं. तिने बाजू बदलली, पुन्हा तेच.

"कोपर सरळ!" दिगंबरराव काठावरून ओरडले.

तिने कोपर सरळ केलं.

"ताकद कमरेतून! खांद्यातून नव्हे!"

तिने कमरेतून ताकद लावली. सांगितलेलं सगळं ती जिथल्या तिथे करत होती, आणि बोर्ड काही सरळ जात नव्हतं. थोड्या वेळाने दिगंबररावांच्या लक्षात आलं की आपल्याकडच्या सूचना संपल्या.

तेजसने लांबून चाललेल्या मोटरबोटीला हात केला. बोटवाला ओळखीचा होता. तो वळसा घालून जवळून गेला आणि त्याच्यामागे पाण्याला चांगली घडी पडली. समुद्राची सर त्याला नव्हती, पण लाट म्हणण्याजोगी होती. नम्रताने ती येताना पाहिली. एक हात मारला. दुसरा मारेपर्यंत लाट बोर्डाखालून निघून गेली, काठाला आली आणि दिगंबररावांचे बूट भिजवून परत फिरली.

मध्यम पात्याने थोडं बरं झालं, पण लाट त्यालाही चुकली. मग नम्रताने ते लहान, पट्टीसारखं वल्हं मागून घेतलं. दिगंबररावांनी ते दिलं, पोराला खुळखुळा द्यावा तसं.

बोट पुन्हा वळसा घालून आली. नम्रताने मागे पाहिलं आणि हात चालवायला सुरुवात केली. छोटे, पटापट, एकामागून एक. पातं पाण्यात जायचं आणि निघायचं, जायचं आणि निघायचं. बोर्ड नाकासमोर सरळ धावू लागलं. लाट आली, तिने बोर्डाची शेपटी उचलली, आणि नम्रता तिच्याबरोबर निघाली. फार लांब नाही. तीस-चाळीस फूट गेली असेल. पण उभी गेली.

"काका!" ती किंचाळली. "भेटली! भेटली मले!"

मुलांनी टाळ्या पिटल्या. मग टाळ्या थांबल्या आणि सगळे हळूच दिगंबररावांकडे बघू लागले. सुनीतीबाई दगडावर बसून डब्यातला भडंग खात होत्या, त्याही बघू लागल्या.

दिगंबररावांकडे मुद्दे तयार होते. पुणेकराला मुद्द्यांची वाण कधीच पडत नाही. ही बोटीची लाट, समुद्राची नव्हे. हे गोडं पाणी, ते खारं. एका लाटेवरून अनुमान काढणं शास्त्रीय नव्हे. यांतला कुठलाही एक मुद्दा मांडला असता तर मुलगी शब्दाला जागून मोठं वल्हं घेऊन समुद्रावर गेली असती, वस्तू परत आली नसती आणि वडिलांचं वाक्य शाबूत राहिलं असतं. त्यांनी बोलायला तोंड उघडलं. समोर ती मुलगी ओल्या केसांनी हसत उभी होती आणि नकळत उजवा खांदा चोळत होती.

"मला द्या," दिगंबरराव म्हणाले.

"काय, सर?" तेजसने विचारलं.

"बोर्ड. आणि ते मोठं वल्हं."

सुनीतीबाईंचा घास हातातच राहिला. "अहो, राहू द्या. मी त्या दिवशी गंमत केली."

"तू केलीस. मी नव्हती केली," दिगंबरराव म्हणाले आणि चष्मा तिच्या हाती देऊन बूट काढायला लागले.

पाणी बर्फासारखं होतं. कंबरभर पाण्यात तेजसने बोर्ड घट्ट धरलं. दिगंबरराव आधी गुडघ्यांवर बसले, मग रामरक्षेचे येतील ते शब्द पुटपुटत एकदाचे उभे राहिले. खालून सगळंच हलत होतं. बोर्ड त्यांच्या शिसवी पाटासारखं मुळीच नव्हतं. पाटाचा एकच पाय हलायचा.

"काका," नम्रता हलक्या आवाजात म्हणाली, "वल्हं उलटं धरलं तुम्ही. पातं पुढे झुकलं पाहिजे."

ही चूक करू नका, म्हणून दिगंबररावांनी आजवर प्रत्येक गिऱ्हाइकाला बजावलं होतं. "माहीत आहे," ते म्हणाले आणि वल्हं फिरवून घेतलं. कुणी हसलं नाही, याचं त्यांना मनातून फार बरं वाटलं.

त्यांनी पातं पाण्यात घातलं आणि ओढलं. भरलेलं पिंप दोरीने ओढावं तसा खांद्याला हिसका बसला. दुकानात हेच वल्हं किती हलकं फिरायचं! आणि तिथेच, एक पाय हवेत आणि एक बोर्डावर अशा अवस्थेत, त्यांना लख्ख कळलं. बॅट हवेतच फिरते, म्हणून वडिलांचं बरोबर होतं. वल्ह्याचं सगळं काम पाण्यात, आणि आपण मात्र लोकांना पाटावर उभं करून हवेत वल्हवायला लावलं. सगळ्यांनी वल्हं तोलून पाहिलं. पाणी कुणीच तोललं नव्हतं.

इतकं कळेपर्यंत ते पडले.

कानानाकात पाणी गेलं. जन्मभर ज्याची भीती बाळगली ते अखेर घडलं, असं त्यांना वाटलं, आणि पुढच्या क्षणी जॅकेटने त्यांना बुचासारखं वर काढलं. माकडटोपी एकीकडे तरंगत होती, दिगंबरराव एकीकडे. वर आकाश निळंभोर होतं. त्यांनी हातपाय हलवून पाहिले. आपण बुडत नाही आहोत, याची खात्री झाल्यावर ते मोठ्याने हसू लागले. शनिवार पेठेत त्यांना असं हसताना कुणी पाहिलं नव्हतं.

"अहो, ठीक आहात ना?" सुनीतीबाई पदर खोचून गुडघाभर पाण्यात आल्या होत्या.

"उत्तम आहे. ते लहान वल्हं इकडे दे."

दुसऱ्या खेपेला ते लहान वल्हं घेऊन उभे राहिले. छोटे छोटे चार हात मारले. खांद्याला काही झालं नाही, बोर्ड चार हात पुढे गेलं आणि काठ चार हात मागे गेला. त्या क्षणी त्यांना जो आनंद झाला तो त्यांनी चेहऱ्यावर मुळीच लपवला नाही. पाचव्या हाताला ते पुन्हा पडले.

काठावर आल्यावर तेजसने त्यांना टॉवेल दिला. दिगंबररावांनी आधी चष्मा परत घेतला, तो डोळ्यांवर चढवला आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "माझं चुकलं. पातं तुम्हाला मोठं झालं. ते मी परत घेतो, आणि हे लहान घेऊन समुद्रावर जा."

नम्रता कानकोंडी झाली. एवढा मोठा माणूस, आपल्यापायी भिजून कुडकुडत उभा. "नाही जी काका," ती घाईघाईने म्हणाली, "तुमचं कशाचं चुकते? माझाच खांदा कच्चा आहे. मीच पाटावर नीट सांगितलं नसेल."

"टेक्निकली सर," तेजसही मदतीला धावला, "मोठं ब्लेड चूक असं नाही. हेवी माणसाला ते—"

"गप्प बसा!" दिगंबरराव कडाडले. सगळे दचकले. "तुमचा खांदा चांगला आहे. सांगितलंतही नीट. गुरुवारी दुकानात सांगितलंत, मीच ऐकलं नाही. चूक माझी आहे. उगाच ती आपल्या नावावर करून घ्यायला बघू नका, मी ती कुणाला देणार नाही."

 एवढ्या तोऱ्यात कुणी चूक कबूल करताना त्या मुलांनी पाहिलं नव्हतं. दिगंबररावांच्या दाढीवरून पाणी ठिबकत होतं आणि सांगून टाकल्यावर त्यांना विलक्षण हलकं वाटत होतं.

सुनीतीबाई भडंगाचा डबा बंद करून उठल्या आणि त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. लग्न झाल्यापासून हे वाक्य त्या पहिल्यांदाच ऐकत होत्या.

"काय म्हणालात?" त्यांनी विचारलं. "पुन्हा एकदा म्हणा."

"एकदाच मिळतं ते," दिगंबरराव म्हणाले.

त्यांनी मोठं वल्हं उचलून आपल्या काखोटीला मारलं. लहान वल्हं नम्रताच्या हातात दिलं, तिची मूठ दांड्यावर नीट बसली का ते पाहिलं. मग, कुणी न विचारता, त्यांनी 'माझं चुकलं' आणखी एकदा म्हटलं.